ट्रेस्को: वाऱ्याच्या बेटावरची बाग

रानजाई
नमस्कार मंडळी,
परदेशातल्या बागांच्या धाग्यावर मी ट्रेस्कोचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा बऱ्याच जणांनी सविस्तर लिहायला सांगितलं होतं. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या इथल्या बागप्रेमी गटाबरोबर जाऊन आले, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी ठिकाण सांगते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला लँड्स एंड, तिथून पुढे समुद्रात साधारण 45 किलोमीटरवर सिलीची बेटं. वस्ती फक्त पाच बेटांवर, त्यातलं ट्रेस्को हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं. जमिनीची मालकी डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या जहागिरीची, पण सगळं बेट डोरियन-स्मिथ घराण्याकडे भाडेपट्ट्याने आहे. बाग त्यांची, बागेला लागून असलेलं घरही त्यांचंच. पाहुण्यांच्या गाड्या बेटावर येत नाहीत. पायी चाला, सायकल घ्या, नाहीतर सामान वाहणारा ट्रॅक्टर आहेच.

अक्षांश जवळजवळ 50. म्हणजे काश्मीरच्याही कितीतरी उत्तरेला. आणि तिथे उघड्यावर, काचघराचा आधार न घेता, दक्षिण आफ्रिकेचे प्रोटिया, ऑस्ट्रेलियाचे बँक्सिया, कॅनरी बेटांवरचे खजूर आणि आपल्या ओळखीचं घायपात वाढतंय. सभोवतालच्या समुद्राच्या उबेमुळे हिवाळ्यात दहिवर क्वचितच पडतं. बागेबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे इथेच थांबतात, ऊब आहे म्हणून बाग आहे असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ऊब तर शेजारच्या बेटांनाही आहे, पण तिथे माळावर हीदर आणि खुरटी झुडपंच दिसतात. ट्रेस्कोची बाग उभी आहे ती वाऱ्याच्या आडोशावर. अटलांटिकवरून येणारा वारा मीठ घेऊन येतो आणि कोवळी पालवी एका रात्रीत करपवतो. आधी तो आवरला, मग बाग झाली.

1834 साली ऑगस्टस स्मिथ नावाच्या गृहस्थाने या सगळ्या बेटांचा भाडेपट्टा घेतला. ट्रेस्कोवर बाराव्या शतकातल्या बेनेडिक्टाइन मठाचे पडके अवशेष होते. त्यांच्या शेजारी त्याने घर बांधलं आणि मठाच्या भिंतींच्या आडोशाला लागवड सुरू केली. त्या दोन-तीन कमानी आजही उभ्या आहेत. 1872 मध्ये तो वारला आणि पुतण्या अल्गर्नन आला. बागेचं खरं कवच उभारलं ते या अल्गर्ननने. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे माँटेरी पाइन आणि माँटेरी सायप्रस त्याने टेकडीवर आणि पश्चिमेकडून दाट लावले. मूळचेच समुद्रकाठचे वृक्ष, त्यांना खारा वारा नवा नाही. त्यांच्या मागे पुढच्या पिढ्यांनी जगभरची झाडं आणली.

बाग सुमारे 17 एकर, दक्षिणेकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांची. आमच्याबरोबर बागेतली एक तरुण माळीण होती. तिने सुरुवातीलाच सांगितलं की झाडाचं नाव नंतर विचारा, आधी आपण कुठल्या पातळीवर उभे आहोत ते बघा. वरच्या टप्प्यावर कोरडी, रेताड, तापणारी जमीन, तिथे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया. खाली ओल टिकते, सावली आहे, तिथे न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका, ट्री फर्न वगैरे. वरून खाली दहा मिनिटं चाललं तर हवेतला फरक कातडीला कळतो.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती चिलीच्या पुया समोर. खाली अननसासारखी काटेरी पानं, काटे आत वळलेले, म्हणजे हात आत जाईल पण सोलवटल्याशिवाय बाहेर यायचा नाही. मधून माणसापेक्षा उंच दांडा आणि त्यावर हिरवट पिवळी फुलं, आत केशरी पुंकेसर. गंमत अशी की फुलांच्या प्रत्येक फांदीचं टोक वांझ असतं. त्याला फुलं येत नाहीत, ते नुसतं काडीसारखं बाहेर आलेलं असतं. ती पक्ष्याला बसायची जागा! एक ब्लॅकबर्ड त्या काडीवर बसून फुलात डोकं घालत होता आणि बाहेर आला तेव्हा त्याचं काळं कपाळ केशरी झालं होतं. चिलीतल्या पक्ष्यांसाठी झाडाने केलेली सोय इंग्लंडच्या पक्ष्याने बरोबर ओळखली. आमच्या गटातल्या सगळ्यांनी छत्र्या मिटल्या आणि पावसात तसेच उभे राहिलो.

बाकी एचियमचे निळे मनोरे (पुरुषभर नाही, दोन पुरुष उंच, आणि मधमाश्यांनी भरलेले), मदेराचं जांभळं जिरॅनियम, भिंतींच्या फटीफटीतून उगवलेले एओनियमचे मांसल पानांचे गुच्छ. फोटो उद्या टाकते.

आता जे सांगायचं होतं ते. जानेवारी 1987 मध्ये सिलीवर बर्फ पडला, कडाक्याची थंडी आली आणि बागेतली बहुतांश झाडं गेली. लोकांनी कंबर कसून नवीन लागवड केली. ती जेमतेम रुजतेय तोवर जानेवारी 1990 चं वादळ आलं. या वेळी बागेतल्या झाडांबरोबर ते पाइन आणि सायप्रसचं कवचच आडवं झालं. शंभर वर्षांचे वृक्ष एका दिवसात मुळासकट उपटले. आज आपण जी बाग बघतो ती त्यानंतर पुन्हा उभी केलेली आहे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाने रोपं दिली, जगभरच्या बागांनी बियाणं पाठवलं. पण आधी पुन्हा वारा अडवणारी झाडं लावली गेली. माळीण दाखवत होती, हा पट्टा नवा, तो जुना, हा अजून अपुरा. फुलांपेक्षा या पट्ट्यांबद्दल ती जास्त आस्थेने बोलत होती.

केवडा
वा! पुयाचं वर्णन वाचून तिथे गेल्यासारखं वाटलं. फोटोंची वाट बघतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वाडीकर
रानजाईताई, 1990 चा परिच्छेद दोनदा वाचला. आमची वाडी श्रीवर्धनजवळ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे दुपारी जे झालं ते शब्दात सांगता येत नाही. आजोबांनी लावलेल्या पोफळी एका ओळीत मोडल्या, माड पडले ते शेजारच्या पोफळींना घेऊन पडले, जायफळं उन्मळली. सावली गेली आणि खाली उरलेली मिरवेल, केळी पुढच्या उन्हात भाजून निघाली. श्रीवर्धनी रोठा सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर वाडीने खायचं काय?
तुम्ही लिहिलंय तसं आमच्याकडे कुणी आधी वाऱ्याचा विचार केलाच नाही. सगळ्यांनी आधी पोफळी लावल्या. मला जरा विस्ताराने सांगा, तिथे पट्टा किती रुंद आहे, किती ओळी, कुठलं झाड पुढे?

रानजाई
वाडीकरदादा, तुमच्या वाडीबद्दल वाचून वाईट वाटलं. रुंदी मोजून सांगण्याइतकं मी बघितलं नाही, पण रचना लक्षात राहिली. वाऱ्याच्या तोंडाशी बुटकी, चिवट झुडपं. त्यांच्या मागे मध्यम उंचीची. मग उंच पाइन. समुद्राकडून बघितलं तर उतरत्या छपराचा आकार दिसतो, वारा त्याच्यावर आपटत नाही, वर चढून जातो. आणि सगळी झाडं एका जातीची, एका वयाची ठेवायची नाहीत यावर आता त्यांचा कटाक्ष आहे. जुनी झाडं एकदम म्हातारी झाली तर एकदम पडतात.
दुसरं म्हणजे फुलशेती. सिलीत भर हिवाळ्यात सुवासिक नार्सिसस काढून मुख्य भूमीवर पाठवतात, हा धंदाही अल्गर्नननेच वाढवला. त्या शेतांचे तुकडे अगदी लहान, आणि प्रत्येक तुकड्याभोवती पुरुषभर उंच, कात्रीने कापलेलं दाट कुंपण. पिटोस्पोरम, युओनिमस, एस्कलोनिया अशी चामड्यासारख्या पानांची झुडपं. मोठं शेत उघडं ठेवण्यापेक्षा लहान खोल्या केल्यासारखं.

दक्षिणवारा
ऑकलंडहून नमस्कार. त्या कुंपणातलं पिटोस्पोरम आमचं! इथे त्याला कारो म्हणतात, समुद्राच्या अगदी काठावर उगवतं. पानाची खालची बाजू पांढुरकी, लव असलेली. खारा वारा त्याला काही करत नाही.
ट्रेस्कोवर पोहुतुकावाची मोठी झाडं आहेत असं ऐकून आहे. बघितलीत का? इथे डिसेंबरमध्ये सगळा किनारा लाल होतो, नाताळचं झाड म्हणतात त्याला. कड्याच्या खडकाला मुळांनी धरून असतं, फांद्यांवरून लोंबणारी मुळंही येतात, लांबून वडच वाटतो.

रानजाई
बघितली. मे मध्ये फुलं नव्हती, कळ्या राखाडी मखमलीच्या होत्या. खोड मात्र जबरदस्त, आमच्यातले चार जण हात पसरून उभे राहिले तरी कवेत आलं नाही. मुळांचे जटाभार बघून मलाही पारंब्याच आठवल्या.

गच्चीवरची
अप्रतिम लेख. माझी बाग पुण्यात, सातव्या मजल्याच्या गच्चीवर. पश्चिमेचा वारा एप्रिल-मे मध्ये कुंड्या कोरड्या करतो आणि जुलैमध्ये आडव्या करतो. कठड्यावर प्लास्टिकचे पत्रे लावून घेतले तर वारा आतून घोंगावतो आणि झाडं जास्तच मोडतात. असं का होतं?
आणि एओनियम इथे जगेल का? मला फार आवडतं.

केवडा
गच्चीवरचीताई, मी कृषी महाविद्यालयात हा विषय शिकलोय म्हणून लिहितो. भरीव भिंतीवर वारा आदळला की तो वरून उडी मारून लगेच पलीकडे खाली कोसळतो आणि तिथे भोवरा तयार होतो. तुमच्या कुंड्या नेमक्या त्या भोवऱ्यात आहेत. वारा पूर्ण अडवायचा नाही, गाळायचा. साधारण निम्मा वारा आरपार जाऊ देणारा आडोसा सगळ्यात चांगला. पत्रे काढा आणि 50 टक्क्यांची शेडनेट ताणून, मजबूत चौकटीला बांधा. झाडांचा पट्टा चांगला ठरतो तो याच कारणाने, पानांतून थोडा वारा जातो.
वाडीकर, तुमच्यासाठी ढोबळ हिशोब: चांगल्या पट्ट्याच्या मागे त्याच्या उंचीच्या दहापटीपर्यंत आडोसा चांगला जाणवतो, पुढे कमी होत जातो. म्हणजे पाच मीटर उंच पट्टा असेल तर मागचं पन्नास मीटर. पट्ट्यात मध्येच फट ठेवू नका, रस्ता ठेवायचा तर तिरका ठेवा. सरळ फटीतून वारा जास्तच जोराने घुसतो. पण एक नक्की, निसर्गसारख्या चक्रीवादळाला कुठलाच पट्टा पुरा पडणार नाही. रोजचा खारा वारा आणि मध्यम वादळं यांच्यापासून तो वाचवतो, तेही कमी नाही.

रानजाई
एओनियमचं मी सांगते. हे थंडीत वाढणारं झाड, उन्हाळ्यात झोपतं. पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी खुशीत राहील. मार्चपासून पाणी अगदी कमी करा, दुपारचं ऊन टाळा. धोका खरा पावसाळ्याचा. उबदार आणि ओलं असलं की मुळं कुजतात, म्हणून पत्र्याखाली ठेवा आणि मातीत निम्म्याहून जास्त बारीक खडी घाला. पानांचा गुच्छ मिटल्यासारखा झाला तर घाबरून पाणी घालू नका, ती त्याची झोप आहे.

पोफळ
प्रोटिया कोकणात किंवा महाबळेश्वरला येईल का? किंग प्रोटियाचं फूल बघून वेड लागलंय.

केवडा
कोकणात नाही. दमट उकाडा आणि जड माती, दोन्ही त्याला चालत नाहीत. या कुळातल्या झाडांना केसांच्या झुपक्यासारखी मुळं असतात, अत्यंत निकस जमिनीतून स्फुरद शोषायला. आपण प्रेमाने सुपर फॉस्फेट घातलं की झाड विषबाधा झाल्यासारखं मरतं. याच कुळातला एक भाऊ मात्र आपल्याकडे सुखाने राहतो, तो म्हणजे सिल्व्हर ओक. कॉफी-चहाच्या मळ्यांत सावलीला लावतात, पुण्यातही रस्त्याकडेला भरपूर आहे. एप्रिलमध्ये त्याची केशरी ब्रशसारखी फुलं जवळून बघा, बँक्सिया-ग्रेव्हिलिया मंडळींची ठेवण लगेच कळेल.

अबोली
गोव्याहून. लेख आवडला, पण एक गोष्ट मनात खुपते. जगभरची झाडं एका बेटावर आणून लावायची, हे कौतुकाचं आहे का? आपल्याकडे घाणेरी अशीच शोभेची म्हणून आली आणि आज सह्याद्रीत तिने काय करून ठेवलंय ते आपण सगळे बघतो. ट्रेस्कोवरची झाडं कुंपणाबाहेर जात नाहीत का?

रानजाई
अबोलीताई, प्रश्न रास्त आहे. जातात. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आगापँथस आपसूक पसरलेला आहे, जुलैमध्ये सगळं निळं होतं म्हणतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात, पण तिथल्या मूळच्या लहान रानफुलांची जागा त्याने घेतलेली आहे. कार्पोब्रोटसचंही तेच, त्याचा मांसल गालिचा खडकांवरून खाली लोंबतो आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. मला बाग मनापासून आवडली, आणि ही हानीही तितकीच खरी वाटते. दोन्ही एकत्र धरूनच ती बघायला हवी.

दक्षिणवारा
याची उलटी बाजू आमच्याकडे आहे. ब्रिटनहून आलेल्या लोकांनी कुंपणाला गोर्स आणला, पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. सिलीत ते रानात शोभून दिसतं. इथे डोंगरच्या डोंगर त्याने गिळले आणि शेतकरी पिढ्यान् पिढ्या ते जाळतायत.

नर्मदा
मला एक विचारायचं आहे. असं "खासगी बेट" ही कल्पनाच मला बोचते. एका घराण्याच्या हातात अख्खं बेट. तिथल्या माणसांचं काय?

रानजाई
नर्मदाताई, ऑगस्टस स्मिथबद्दल दोन्ही बाजूंनी लिहायला हवं. सिलीतल्या मुलांना त्याने सक्तीने शाळेत धाडलं, आणि तेही मुख्य इंग्लंडमध्ये तसा कायदा होण्याच्या कितीतरी आधी. जहाजं, बंदर, शेती यांत पैसा घातला. आणि याच माणसाने सॅमसन नावाच्या शेजारच्या बेटावरच्या उरल्यासुरल्या कुटुंबांना 1855 मध्ये तिथून हलवलं आणि बेट हरणं ठेवण्यासाठी घेतलं. तिथल्या घरांच्या दगडी भिंती अजून आहेत, होडीने जाता येतं. आमच्या गटातले बरेच जण मुद्दाम गेले, मीही गेले. बागेच्या माहितीफलकांइतकंच ते बघणं मला आवश्यक वाटतं. पुढे 1920 च्या सुमारास घराण्याने बाकीची बेटं डचीला परत केली आणि ट्रेस्को ठेवलं.

नर्मदा
धन्यवाद. हे लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

लीवाडा
डब्लिनमधून लिहितेय. आयर्लंडच्या नैऋत्येला बँट्री उपसागरात गार्निश बेट आहे, तेही असंच. 1910 मध्ये ॲनन ब्राइस यांनी उघडा खडक विकत घेतला, हॅरल्ड पेटो यांनी आराखडा केला. माती होड्यांतून आणावी लागली! आणि तिथेही पाइनचा पट्टा वाढेपर्यंत नाजूक झाडं तग धरत नव्हती. 1953 मध्ये ते सरकारला मिळालं, आता सगळ्यांना खुलं आहे. वाटेत खडकांवर सील पहुडलेले दिसतात. आयर्लंडला येणाऱ्यांनी चुकवू नये.

गच्चीवरची
जायचं कसं ट्रेस्कोला? आणि कलमं आणता येतात का?

रानजाई
कॉर्नवॉलमधल्या पेंझन्सहून सेंट मेरीजला, म्हणजे सिलीच्या सगळ्यात मोठ्या बेटाला, बोट आहे, पावणेतीन तास. तळ उथळ असल्यामुळे ती फार डुलते, ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच गोळी घ्या. ती हिवाळ्यात बंद असते. पेंझन्सहून थेट ट्रेस्कोला हेलिकॉप्टर आहे, ते महाग. विमान लँड्स एंडहून सेंट मेरीजला. तिथून लहान होड्या. भरती-ओहोटीप्रमाणे धक्का बदलतो, म्हणजे उतरलात एकीकडे आणि परतीची होडी दुसरीकडून, हे नावाड्याला उतरतानाच विचारून ठेवा. धुकं आलं की उड्डाणं रद्द होतात, तेव्हा परतीच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा ठेवा. बागेत व्हल्हाला म्हणून एक दालन आहे, सिलीच्या खडकांवर फुटलेल्या जहाजांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, लाकडी मूर्ती तिथे मांडल्या आहेत, ते सोडू नका.
कलमं आणि बिया: बागेतून काहीही तोडायचं नाही, दारातल्या दुकानात रोपं मिळतात. पण भारतात रोप किंवा बी आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवून आणू नका. अबोलीताईंनी घाणेरीचं लिहिलंय तेच कारण.

वाडीकर
केवडा, तुम्ही सांगितलंत ते घरी वाचून दाखवलं. आमच्याकडे समुद्राच्या बाजूने सुरू लावावी असं थोरले काका म्हणतात, पटकन वाढते. तुमचं मत?

अबोली
मध्येच बोलते. सुरू वाऱ्याला चांगली, पण तिच्या सुयांच्या थराखाली काही उगवत नाही. पुळणीवर अगदी पुढे लावली तर कासवांच्या विणीच्या जागेत मुळं आणि पाचोळा येतो. तुमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले येत असतील तर पुळण मोकळीच ठेवा. आपल्या किनाऱ्याची स्वतःची झाडं आहेत ना. पुढे केवडा आणि निर्गुडी, मग भेंडी (भाजीची नाही, किनाऱ्यावरचं झाड) आणि करंज, मागे उंडी. रानजाईताईंनी सांगितलेलं उतरतं छप्पर याच झाडांनी होतं.

केवडा
अबोलींशी सहमत. सुरू लावायचीच असेल तर वाडीच्या हद्दीला एखादी ओळ, तात्पुरती. तिच्या आडोशाने उंडी वर येईल, मग सुरू काढून लाकूड वापरा. उंडी हळू वाढते, पण एकदा उभी राहिली की सहज हलत नाही. पूर्वी होड्यांना आणि दिव्याला तिचंच तेल असायचं.

वाडीकर
गावच्या देवळामागे उंडीची दोन म्हातारी झाडं आहेत, खाली फळांचा सडा असतो. ती रुजतात का सहज?

केवडा
रुजतात. गर वाळला की वरचं टणक कवच हलक्या हाताने तडकवून काढा, आतल्या बीला इजा होऊ देऊ नका. कवचासकट लावलं तर कोंब यायला दोन महिने घेतं, सोलून लावलं तर तीन-चार आठवड्यांत येतं. वाळू आणि शेणखताच्या पिशवीत, सावलीत. पहिलं वर्ष पिशवीतच वाढवा आणि पुढच्या मृगाला हद्दीवर लावा.

वाडीकर
उद्या सकाळीच पोरांना घेऊन फळं गोळा करतो. पिशव्या भरल्या की इथे फोटो टाकतो.